पुढे-मागे वाघ

३ मार्च, रविवार

सौ. बाईसाहेबांस,

नवऱ्याने बायकोला लिहिताना वर 'अनेक आशीर्वाद' घालावेत, असा आमच्या वडिलांचा शिरस्ता होता. तुला आशीर्वाद देण्याइतकी छाती मला अजून झालेली नाही, तेव्हा ते वगळून पुढे जातो. मी इकडे ठीक आहे. जेवतो, झोपतो, गोळ्या वेळेवर घेतो. तुम्ही सगळे मजेत असाल.

तू सांगतेस आणि लेक लिहून घेते, ही व्यवस्था उत्तम. फक्त तिला सांग, 'मूळ' दीर्घ असतो. 'मुळ' दिसला की माझा हात लाल पेनाकडे जातो. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्याची ही मुलगी, आणि तिलाच ऱ्हस्व-दीर्घ कळू नये, म्हणजे दिव्याखाली अंधार. तिचं पत्र दुरुस्त करून सोबत परत पाठवतोय.

आता कामाचं. लेकीच्या खालचा फ्लॅट हातचा जाऊ द्यायचा नाही, हे मला पटलंय. मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार आणि त्याआधी आपलं घर विकलं गेलं तरच तो आपल्याला घेता येणार, हेही पुन्हा पुन्हा वाचलं. तोवर तुला तिच्या बैठकीच्या खोलीत पडद्याआड झोपावं लागतंय, याचं वाईट वाटतं. मीही तिथे आलो असतो, पण एवढ्याशा जागेत मी आणखी कुठे मावणार? शिवाय इथे गिऱ्हाइकांना घर दाखवायला कोणीतरी हवं.

एजंट येऊन गेला. तोच, ज्याला तू 'गुळगुळीत' नाव ठेवलंस. गेटातच उभा राहून म्हणाला, "काका, घर झकास आहे हो, पण गिऱ्हाईक घरात शिरतंय कुठे? गेट ते दार एवढ्यातच त्याचं हो-नाही ठरतं. ही बाग आहे की रान? जरा हात फिरवा. पायवाट मोकळी करा, कुंड्या रंगवा, दाराशी चार फुलं दिसू द्या. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, इथे कोणीतरी सुखात राहत होतं." मी म्हटलं, "राहत होतं नव्हे, राहतंय." तो म्हणाला, "तेच ते." तेच ते नाही, पण वाद घातला नाही.

त्याच्या पेंटरने गेटावर पाटी लावली आहे. 'विकणे आहे. प्रशस्त घर, पुढे-मागे वाघ.' बागेचा त्याने वाघ केला. मी वाचलं तोवर तो सायकलवर बसून गेला होता. म्हटलं, असू दे.

परवा लेकीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आईचा निरोप लिहून घ्या. विहीणबाईंना हलवू नका. वन्संच्या बुडाशी जरा खणा. आणि पोस्टमनची मान मोडेल, त्याला काठीला बांधा." मी खुर्चीत बसलो. डॉक्टर म्हणाले होते ना, अर्धांगाच्या झटक्याने नुसता हात नाही, डोक्यावरही परिणाम होऊ शकतो. मी हळूच विचारलं, "आई आणखी काय काय बोलते गं?" तेव्हा ती पोट धरून हसली. "अहो बाबा, झाडं ती. ज्याने रोप दिलं त्याचं नाव झाडाला. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. रोज सकाळी तू चहा ठेवताना सांगायचीस, आज वन्संना जरा बरं दिसतंय, पोस्टमनने मान टाकलीय. मी पेपराआडून 'हं' म्हणायचो. मला वाटायचं, अक्काचा फोन आला असेल आणि पोस्टमन बिचारा आजारी असेल. आता सगळ्यांच्या ओळखी करून घेतल्यात. गेटावरची बोगनवेल म्हणजे विहीणबाई, दिसायला झकास आणि जवळ जावं तर काटे. (हे वाक्य जावयांना वाचून दाखवू नये.) मागचं लिंबाचं झाड म्हणजे वन्सं. तिथल्या आंबटपणाबद्दल मी अक्काचा सख्खा भाऊ या नात्याने बोलत नाही. पायवाटेवरचा वाकडा गुलाब पोस्टमन.

तण उपटायला बसलो. छापखान्यातल्यासारखंच आहे हे. एक चूक दिसली की तिच्या शेजारच्या दहा दिसतात, आणि पान संपलं असं वाटतं तेव्हाच पहिल्या ओळीत एक राहिलेली सापडते. कंबर मोडली, पण वेळ बरा गेला. पायऱ्यांवरचं शेवाळ घासून काढलं. तुझा पाण्याचा पाइप तिथेच पायऱ्यांपाशी पडलेला होता, त्या दिवसापासून. आज उचलून गुंडाळून ठेवला.

परवा लेक 'आईला देते' म्हणाली तेव्हा नळ उघडा राहिला होता, म्हणून मी फोन ठेवला. मनात काही आणू नकोस.

तुझा,
घरगडी (बिनपगारी)


१४ मार्च, गुरुवार

सौ. बाईसाहेबांस,

तुझं पत्र मिळालं. लेकीचं शुद्धलेखन सुधारलंय, का तू शेजारी बसून वेलांट्या सांगतेस? हाताचा व्यायाम रोज होतो हे वाचून बरं वाटलं. वाटी धरता येते हे वाचूनही.

तू विचारलंस, तुमच्या नजरेतून वाघ सुटला कसा? भाचीच्या लग्नपत्रिकेतला चुकलेला अनुस्वार मी भर मांडवात व्याह्यांना दाखवला होता, हे तू अजून विसरत नाहीस. अगं, वय झालं. चष्मा बदलायला हवा. आणि आता पाटी उंच लागलीय, शिडी कोण आणणार?

पहिलं गिऱ्हाईक येऊन गेलं. नवरा-बायको, तरुण. तो अबोल, तिला सगळ्यात रस. ती दवाखान्यात नर्स आहे. गेटातून आत आली ती थेट पायवाटेवर उभी राहिली आणि म्हणाली, "किती छान ठेवलंय." मला उगाच बरं वाटलं. आठ दिवस कंबरेचे काटे ढिले करून घेतले होते मी. आत बसवून चहा दिला. (हो, कपांना बशा दिल्या.) ती म्हणाली, "काका, घर सोडताना तुम्हाला जड जाईल."

मी म्हटलं, "माझं काय, मी कुठेही जाईन. प्रश्न विहीणबाईंचा आहे. त्या गेटाशीच असतात, त्यांना हलवायचं नाही, असा आमच्या हिचा निरोप आहे."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या काही लक्षात आलं नाही. मी आपला त्यांना धीर देत गेलो. म्हटलं, "वन्संचा काही त्रास नाही हो. त्या मागच्या अंगणात असतात. आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतलं की झालं, बाकी काही मागत नाहीत. पोस्टमनला तेवढा काठीला बांधलेला राहू द्या, सोडलात की कोसळेल." चहा तसाच ठेवून दोघं उठली. मला वाटलं, साखर कमी पडली असेल.

संध्याकाळी गुळगुळीतचा फोन. "काका, मागच्या अंगणात कोण म्हातारी आहे? त्या बाई पोलिसात कळवू का विचारतायत." मी हसत हसत भिंतीला टेकलो. एवढा हसलो नव्हतो मी, तू गेल्यापासून. म्हणजे तिकडे गेल्यापासून. आणि मागे वळून तुला सांगायला गेलो, तर स्वयंपाकघरात कोणी नाही.

त्याला 'समजावतो त्यांना' म्हटलंय. समजावीन.

बाग आता खरंच दिसायला लागलीय. कुंड्यांना गेरूसारखा रंग दिला. कुंपणाच्या कडेला गवताआड तू विटांची तिरकी ओळ लावलेली सापडली. ती कधी लावलीस? मी दारात बसून मुद्रितं तपासत असेन आणि तू माझ्यासमोर विटा लावत असशील. त्या धुऊन पुन्हा बसवल्या. संध्याकाळी खुर्ची बाहेर काढून बसतो. एकट्यानेच चहा पितो, पण तिथे बसून गोड लागतो.

फोनवर बोला म्हणतेस. मला फोनवर नीट ऐकू येत नाही हल्ली. पत्र बरं.

तुझा,
माळी


२२ मार्च, शुक्रवार

सौ. बाईसाहेबांस,

घाईत लिहितोय. सगळं ठीक आहे.

दुसरे लोक येऊन गेले. दोघे भाऊ होते, किराण्याचं दुकान आहे त्यांचं. घर आवडलं, बाग आवडली. पण त्यांचं जमलं नाही. विहीणबाईंचं ऐकून तेही जरा बिचकले. 'बघू' म्हणाले. बघू म्हणजे काय ते मी तुला काय सांगणार, जन्मभर मीच तुला ते ऐकवलंय.

लोकांना घाई फार असते. आता कुठे पोस्टमनला कळ्या धरल्यात. आणखी पंधरा दिवस मिळाले तर बाग अशी होईल की बघणाऱ्याची पावलं निघणार नाहीत. विहीणबाईंचं टोक कापून कमान करायचीय. मागे भाजीचा एक वाफा खणायला घेतलाय. आता विकायच्या घरात भाजी कशाला लावता, असं विचारशील. वाफा रिकामा बरा दिसत नाही.

फ्लॅटचा मालक थांबेल की थोडा. जावयांना बोलायला सांग. चांगला माणूस दिसतो.

पहिल्या जोडप्याला अजून समजवायचं राहिलंय. करतो.

तुझा,
मीच


२८ मार्च, गुरुवार

सौ. बाईसाहेबांस,

परवा लिफाफा आला. वर लेकीचं अक्षर, आत वहीचा फाडलेला कागद. मला वाटलं, कोणा लहान मुलाने गिरवलंय. मग वाचलं.

'डाव्या हाताने लिहितेय. चुका काढू नका. याा.'

मी तो कागद घेऊन पायरीवर बसलो, जिथे पाइप पडला होता तिथेच. तू सगळं ओळखलंस, आणि तरी एवढंच लिहिलंस. तुझ्या जागी मी असतो तर चार पानं झाडली असती. आता मीच सांगतो, म्हणजे तुला विचारावं लागणार नाही.

शिडी मागच्या खोलीतच आहे. चष्म्याचा नंबर तोच आहे. पेंटरने पाटी लावायच्या आधी वाचायला माझ्या हातात दिली होती. मी वाघ बघितला, आणि 'ठीक आहे' म्हणालो. उभ्या आयुष्यात चूक दिसूनही सोडलेलं माझं हे पहिलं मुद्रित. म्हटलं, लोक हसतील, पुढे जातील, पाच-सहा दिवस तरी कोणी आत येणार नाही.

ती नर्सबाई घाबरली, ते खरंच चुकून झालं. पण त्या दोन भावांना मी मुद्दाम घाबरवलं. त्यांना घर पसंत होतं, धाकटा तर खोल्या मोजायला लागला होता. मी चेहरा पाडून म्हणालो, "विहीणबाई घर सोडायला तयार नाहीत हो, काय करावं?" थोरल्याने लगेच चप्पल घातली. तुझ्या झाडांची नावं मी खोटेपणाला वापरली. त्याची मला लाज वाटते.

का केलं, तेही लिहितो. घर विकलं म्हणजे तू या पायऱ्या परत चढणार नाहीस यावर मी सही केली, असं मला वाटत होतं. बाग नीट ठेवली, पायऱ्या घासल्या, की एक दिवस तू गेटातून येशील आणि म्हणशील, "हे काय, विहीणबाईंना कोणी कापलं?" मी गिऱ्हाइकांसाठी बाग करत नव्हतो गं. तुझ्यासाठी करत होतो, आणि तू तर तिथे पडद्याआड झोपलेली आहेस.

आणि याच्याही आतली गोष्ट. मी तिकडे आलो नाही ते जागा नाही म्हणून नाही. नळही उघडा नव्हता, ऐकूही नीट येतं. त्या दिवशी गाडीत घालताना तू माझं नाव घ्यायला गेलीस. जे नाव तू कधी चारचौघांत घेतलं नाहीस, ते. आणि ते तुझ्या तोंडातून वेडंवाकडं आलं. तेव्हापासून मला तुझा आवाज ऐकायची भीती बसली. जन्मभर चुका बघणं हेच माझं काम होतं. मला वाटलं, मी तुझ्याकडे बघेन आणि मला फक्त काय बिघडलंय तेच दिसेल. भित्रा आहे मी. तुला हे नवीन नसेल.

कागद खिशात घालून उठलो आणि शिडी काढली. 'व' च्या पोटात तिरकी रेघ ओढली की 'ब' होतो, ते सोपं गेलं. 'घ' चा 'ग' करायला मात्र आधी त्याचं पोट पत्र्याने खरवडावं लागलं. आता वाचता येतं: पुढे-मागे बाग. जवळून बघितलं तर खालचा वाघ दिसतो, पण लांबून शुद्ध आहे.

मग नर्सबाईंना मीच फोन केला. आधी तिने आवाज कडक ठेवला. मी म्हटलं, "पोलिसांना घेऊनच या, पण या." दोघं आली. मी गेटातच हात जोडून म्हणालो, "या विहीणबाई." तिने बोगनवेलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मागे नेऊन लिंबाचं झाड दाखवलं. "या वन्सं. यांनाच आठवड्याला बादली." पोस्टमनपाशी पोचेपर्यंत ती पायवाटेवर खाली बसून हसत होती, आणि तो अबोल नवराही डोळे पुसत होता.

हसून झाल्यावर ती म्हणाली, "आणि यातल्या काकू कोणत्या?"

मी सगळीकडे बघितलं. तुझ्या नावाचं एकही झाड नाही बागेत. ज्याने दिलं त्याचं नाव, आणि तुला कोणी दिलं नाही असं काही तू लावलंच नाहीस. मी तिला म्हटलं, "ती यांना पाणी घालायची." एवढं बोललो आणि चष्मा काढून पुसत राहिलो. तिने मला तिथेच पायरीवर बसवलं आणि स्वतः आत जाऊन पाणी आणलं. फुलपात्रं कुठे असतात ते मला न विचारता तिला सापडलं. तेव्हा माझ्या मनाने ठरवलं, घर हिलाच.

काल त्यांनी इसार दिला. गुळगुळीतने फ्लॅटच्या मालकाला फोन करून शब्द घेतलाय, जावयांना तो मालक आज भेटेल. सह्यांसाठी मला मधे एकदा इकडे यावं लागेल, ते बघता येईल. नावं बदलणार नाही, असं ती आपणहून म्हणाली.

निघताना तिने विहीणबाईंची एक फांदी कापली, ओल्या कापडात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "काकूंना द्या. नवीन घराच्या गॅलरीत लावा म्हणावं." आपल्याच वेलीची फांदी, पण आता तिने दिली. म्हणजे तुझ्या नियमाने तिचं नाव विहीणबाई राहिलं नाही. मी वाटेत 'नर्सबाई' म्हणणार आहे, पसंत नसेल तर तू ठरव.

शनिवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. लेकीला सांग, पडद्याआड एक गादी टाक, मी जमिनीवर झोपेन. तू माझ्याशी बोल. अडखळत, तुटक, कसंही बोल. मी मधे एक शब्द सुधारणार नाही. नावही घे माझं, जसं येईल तसं.

तुझ्या त्या शेवटच्या शब्दाला एक काना जास्त पडलाय. लाल पेन समोरच होतं. मी ते टोपण लावून ठेवून दिलं. कागद तसाच, त्या जास्तीच्या कान्यासकट, खिशात आहे.

आपल्याकडे घरातून निघणारा माणूसही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. असं वाक्य छापखान्यात आलं असतं, तर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं: नक्की काय, जातोय की येतोय? या वेळी प्रश्नचिन्ह नको.

येतो.